प्लॅटिनम-कोबाल्ट उत्प्रेरक आरडीईवर पळतो, सेलमध्ये का मागे पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रयोगशाळेत बनवलेला प्लॅटिनम-कोबाल्ट/कार्बन उत्प्रेरक फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे आरडीईवर, ०.९ व्होल्टला साध्या प्लॅटिनम/कार्बनच्या साडेतीन पट क्रियाशीलता दाखवतो. त्याचीच एमईए (प्रोटॉन वाहणारा मेम्ब्रेन आणि दोन्ही इलेक्ट्रोड यांचा एकत्र जोड) करून हायड्रोजन फ्युएल सेलच्या कॅथोडला लावली की ही आघाडी दीडपटीवर येते, आणि हवेवर चालवताना दर चौरस सेंटीमीटरला १.५ अँपिअरच्या पुढे तो साध्या प्लॅटिनमच्याही खाली जातो. दोष उत्प्रेरकात आहे की एमईए बनवण्यात?

बहुतेक वेळा दोष दोन्हींच्या मधे असतो: आम्लाच्या धुण्यात आणि आयोनोमरमध्ये, म्हणजे कॅथोडमध्ये प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमरमध्ये. पण तिथे जाण्याआधी आकड्यांची अपेक्षा नीट बांधून घेऊ.

८० अंश सेल्सिअसला ऑक्सिजन क्षपणाचा (कॅथोडवर ऑक्सिजनचे पाणी होण्याच्या अभिक्रियेचा) टाफेल उतार साधारण ७० मिलिव्होल्ट प्रति दशक धरतात. म्हणजे क्रियाशीलता दहापट झाली तर सेलचा व्होल्टेज ७० मिलिव्होल्टने वाढतो. साडेतीन पटीचे मोल ३८ मिलिव्होल्ट, दीडपटीचे फक्त १२. ही कमाई लहान नाही. स्टॅकच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या संचाच्या, कार्यक्षमतेत ती दिसते. मात्र १.५ अँपिअरवर ऑक्सिजन किंवा प्रोटॉन पोचण्यात थोडा जरी अडथळा वाढला, तरी ३०-४० मिलिव्होल्ट सहज जातात. त्यामुळे दोघांचे व्होल्टेज-करंट वक्र एकमेकांना छेदतात यात नवल नाही. शोधायचे आहे ते हे, की अडथळा कुठून आला.

आधी आरडीईचा आकडा खरा आहे का ते पाहा. मिश्रधातूच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पावडरमधले प्लॅटिनमचे प्रमाण. ३० टक्के प्लॅटिनम/कार्बनवर कोबाल्ट चढवला, हायड्रोजनमध्ये तापवला, आम्लाने धुतला, की ३० हा आकडा उरत नाही. तापवताना धातूच्या संगतीत कार्बनचा काही भाग मिथेन होऊन उडतो, धुताना कोबाल्ट जातो. खरे प्रमाण ३३ टक्के असताना हिशोब ३० ने केला, तर क्रियाशीलता दहा टक्के फुगलेली दिसते. आयसीपी मोजणी (धातूंचे नेमके प्रमाण सांगणारी चाचणी) धुतल्यानंतरच्या पावडरवरच करा.

आरडीईचा पाया असा ठेवा: ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल, २५ अंश, १६०० आरपीएम, २० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, खालून वर जाणारा स्कॅन, ५ मिलिमीटर व्यासाची ग्लासी कार्बन चकती. शाईसाठी ७.६ मिलिग्रॅम उत्प्रेरक, ७.६ मिलिलिटर अतिशुद्ध पाणी, २.४ मिलिलिटर आयसोप्रोपेनॉल आणि ५ टक्के नॅफिऑनचे (हा एक आयोनोमर) ४० मायक्रोलिटर हे प्रमाण चांगले चालते. त्यातले १० मायक्रोलिटर चकतीवर टाकले, की ४६ टक्क्यांच्या पावडरसाठी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १८ मायक्रोग्रॅम प्लॅटिनम बसते. थेंब टाकून चकती तशीच वाळवली तर कडेला जाड कडे तयार होते आणि मध्ये काच दिसते. चकती उलटी धरून ७०० आरपीएमच्या आसपास फिरवत वाळवली की थर सारखा येतो. मर्यादी प्रवाह (ऑक्सिजन पोचण्याच्या वेगाने ठरणारा कमाल प्रवाह) दर चौरस सेंटीमीटरला ५.७ ते ६ मिलिअँपिअरच्या पट्ट्यात यायला हवा. ५ आला तर थर चकतीभर पसरलेला नाही. नायट्रोजनमधला पार्श्वभूमी प्रवाह वजा करा, द्रावणाचा रोध (साधारण २० ते ३० ओहम) भरून काढा. संदर्भ इलेक्ट्रोड म्हणून सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड वापरू नका. त्यातून झिरपणारे क्लोराइड प्लॅटिनमवर बसते. हायड्रोजनचा संदर्भ इलेक्ट्रोडच घ्या.

पुण्यात मोजणाऱ्यांनी आणखी एक दुरुस्ती करायला हवी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळ. द्रावणात विरघळणारा ऑक्सिजन मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, त्यामुळे मर्यादी प्रवाह आणि गतिज प्रवाह (निव्वळ उत्प्रेरकाच्या वेगाने ठरणारा) दोन्ही तेवढ्याच प्रमाणात खाली. प्रकाशित आकड्यांशी तुलना करताना दाबाची दुरुस्ती न केल्यास हा फरक उत्प्रेरकाच्या माथी बसतो.

आता आरडीई आणि सेल यांतला खरा फरक. आरडीईवर शून्याजवळून ०.९ व्होल्टपर्यंत जायला पाऊण मिनिट लागते, तेव्हा पृष्ठभागावर ऑक्साइड जेमतेम बसू लागलेले असते. सेलमध्ये ०.९ व्होल्टला १५ मिनिटे धरून मोजतात. तोवर ऑक्साइड चढते आणि प्रवाह उतरतो. ही घट साध्या प्लॅटिनमलाही होते, म्हणून निव्वळ आकडा नव्हे तर गुणोत्तर पाहायचे. गुणोत्तर साडेतीनवरून दीडवर आले, याचा अर्थ मिश्रधातूलाच काहीतरी वेगळे भोवले आहे.

मिश्रधातू मुळात का चालतो, हे आठवले तर ते वेगळे काय ते कळते. कोबाल्ट स्वतः ऑक्सिजन तोडत नाही. आम्लात पृष्ठावरचा कोबाल्ट विरघळून जातो आणि वर दोन-तीन थरांचे प्लॅटिनमचे कवच राहते. आतला गाभा कोबाल्टमुळे आकुंचलेला असतो, त्यामुळे कवचातले प्लॅटिनम अणूही दाबले जातात आणि हायड्रॉक्सिलला किंचित सैल धरतात. शुद्ध प्लॅटिनम हायड्रॉक्सिलला हव्या त्यापेक्षा सुमारे ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने जास्त घट्ट धरते. ती पकड सैल झाली की जागा लवकर मोकळ्या होतात. म्हणजे उपयोगाचा कोबाल्ट तो, जो गाभ्यात बंद आहे. पृष्ठावरचा, कवचाच्या फटींतून बाहेर येऊ शकणारा आणि प्लॅटिनमशी एकजीवच न झालेला कोबाल्ट हा नुसता धोका आहे.

आरडीईवर तो धोका दिसत नाही. चकतीवर साडेतीन मायक्रोग्रॅम प्लॅटिनम आणि भोवती १०० मिलिलिटर आम्ल. निघालेला कोबाल्ट तिथे कुठल्या कुठे विरून जातो. सेलमध्ये विरायला जागाच नाही. कॅथोडवर दर चौरस सेंटीमीटरला ०.१ मिलिग्रॅम प्लॅटिनम आहे, पावडर ३० टक्क्यांची आहे आणि आयोनोमर-कार्बन गुणोत्तर ०.८ आहे असे धरा. कार्बन ०.२३ मिलिग्रॅम, आयोनोमर ०.१९ मिलिग्रॅम. ११०० तुल्यभाराच्या (दर मोल प्रोटॉन-जागांमागे ११०० ग्रॅम) आयोनोमरमध्ये त्या वजनात सल्फोनिक, म्हणजे प्रोटॉन धरणाऱ्या, जागा ०.१७ मायक्रोतुल्य. आता ३:१ (प्लॅटिनम:कोबाल्ट) मिश्रधातूत त्याच क्षेत्रफळात कोबाल्ट ०.१७ मायक्रोमोल असतो, आणि तो द्विसंयुजी असल्यामुळे ०.३४ मायक्रोतुल्य जागा अडवू शकतो. कॅथोडमधल्या सगळ्या आयोनोमरच्या दुप्पट! सुदैवाने मेम्ब्रेन हा मोठा साठा आहे. २५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमध्ये सुमारे ४.५ मायक्रोतुल्य जागा असतात, त्यामुळे एक तृतीयांश कोबाल्ट निसटला तरी सरासरी अडीच टक्केच जागा जातात.

पण १:१ प्रमाणाची, नीट न धुतलेली पावडर वापरली तर कोबाल्ट तिप्पट, म्हणजे १.०३ मायक्रोतुल्य. १० मायक्रॉनच्या पातळ मेम्ब्रेनमध्ये तो सगळा निसटला तर निम्म्याहून अधिक जागा व्यापतो. शिवाय सरासरी फसवी असते. सेल चालू असताना विद्युतक्षेत्र धन आयनांना कॅथोडकडे ढकलते, आणि करंट जितका जास्त तितकी कॅथोडमध्ये कोबाल्टची दाटी जास्त. तिथे प्रोटॉन वहन कमी होते, आयोनोमर कमी पाणी धरतो, ऑक्सिजनही त्यातून कष्टाने जातो. तुमचा वक्र १.५ अँपिअरच्या पुढेच का कोसळतो, याचे एक मोठे कारण हे.

दुसरे कारण पृष्ठफळाचे. मिश्रधातू करण्यासाठी तापवलेले कण ४-५ नॅनोमीटरचे होतात, साधे प्लॅटिनम २.५-३ नॅनोमीटरचे असते. समजा मिश्रधातूचे पृष्ठफळ दर ग्रॅमला ४५ चौरस मीटर आणि साध्याचे ६५. ०.१ मिलिग्रॅमच्या थरात इलेक्ट्रोडच्या दर चौरस सेंटीमीटरमागे प्लॅटिनमचे ४५ आणि ६५ चौरस सेंटीमीटर. २ अँपिअरवर प्लॅटिनमच्या दर चौरस सेंटीमीटरला ४४ मिलिअँपिअर एका बाजूला, ३१ दुसऱ्या बाजूला. प्रत्येक कणापर्यंत ऑक्सिजन आयोनोमरच्या पातळ पापुद्र्यातून जातो, आणि कणामागे मागणी वाढली की तो पापुद्रा भारी पडतो. कमी प्लॅटिनमच्या कॅथोडमध्ये ०.९ व्होल्टची क्रियाशीलता चांगली असूनही पूर्ण भाराला मार बसतो तो इथे.

तिसरे, आयोनोमरचे सल्फोनेट गट थेट प्लॅटिनमवर बसून जागा अडवतात. यावरचा उपाय उत्प्रेरकात नसून कार्बनमध्ये आहे. कण कार्बनच्या ४ ते ७ नॅनोमीटरच्या छिद्रांत असले तर आयोनोमर आत शिरत नाही, पण पाणी आणि ऑक्सिजन पोचतात. छिद्रे त्याहून अरुंद असली की आतल्या कणांना ऑक्सिजनची टंचाई होते. टोयोटाने २०१४ च्या पहिल्या मिराईत प्लॅटिनम-कोबाल्ट घन, म्हणजे आतून छिद्रे नसलेल्या, कार्बनवर बसवला होता. २०२० च्या दुसऱ्या पिढीत मेसोपोरस, म्हणजे अशी नॅनोमीटरची छिद्रे असलेला, कार्बन घेतला.

तुमच्या बाबतीत या तिघांपैकी कोण किती, हे चाचण्यांनी वेगळे करता येते. क्रम महत्त्वाचा.

सुरुवात हायड्रोजन-ऑक्सिजनवर करा: ८० अंश, १०० टक्के आर्द्रता, १५० किलोपास्कल निरपेक्ष दाब, ०.९ व्होल्ट. हायड्रोजनची झिरप भरून काढायला विसरू नका. २५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून ८० अंशाला दर चौरस सेंटीमीटरला दोन-तीन मिलिअँपिअर झिरप असते, आणि ०.१ मिलिग्रॅमच्या कॅथोडवर ०.९ व्होल्टला प्रवाहच २० च्या आसपास असतो. दुरुस्ती सोडली तर दहा टक्क्यांहून अधिक चूक. त्याआधी सेल नीट कंडिशन केलेला असावा: थंड, ओलसर अवस्थेत, ४० अंशाच्या आसपास, कमी व्होल्टेजवर काही वेळ चालवला की प्लॅटिनमवर चिकटलेले सल्फेट आणि शाईतली घाण पाण्याबरोबर निघून जाते. कित्येक मिश्रधातू केवळ या टप्प्याअभावी बदनाम होतात.

मग पृष्ठफळ कार्बन मोनॉक्साइड स्ट्रिपिंगने (पृष्ठावर बसवलेला वायू जाळून काढताना लागणारा विद्युतभार मोजून) मोजा, दर चौरस सेंटीमीटरला ४२० मायक्रोकूलंब धरून. मिश्रधातूवर हायड्रोजन सैल बसतो, त्यामुळे २१० मायक्रोकूलंबची हायड्रोजनची पद्धत पृष्ठफळ कमी दाखवते आणि प्रति पृष्ठफळ क्रियाशीलता विनाकारण फुगते. हीच मोजणी १०० टक्के आणि ३० टक्के आर्द्रतेवर करा. कोरड्यात जे पृष्ठफळ गायब होते ते छिद्रांच्या आत, आयोनोमरच्या स्पर्शाबाहेर आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर कण बाहेर आहेत आणि सल्फोनेटचा त्रास गृहीत धरा.

त्यानंतर नायट्रोजनमध्ये १, २, ४ टक्के ऑक्सिजन मिसळून मर्यादी प्रवाह मोजा, तोही तीन-चार दाबांवर. दाबाबरोबर बदलणारा रोध गॅस डिफ्यूजन थराचा (कॅथोडमागच्या, वायू पसरवणाऱ्या सच्छिद्र थराचा), न बदलणारा कॅथोडच्या आतला. हायड्रोजन-नायट्रोजनवर इम्पिडन्स (वेगवेगळ्या वारंवारतांवरचा रोध) घेतला की ४५ अंशांच्या रेषेवरून कॅथोडमधला प्रोटॉन रोध मिळतो. पृष्ठफळ कमी आणि प्रोटॉन रोध सामान्य असेल तर दोष कणांच्या आकाराचा. प्रोटॉन रोध साध्या प्लॅटिनमच्या एमईएपेक्षा ठळक वाढला असेल तर कोबाल्टकडे बोट दाखवा. खात्रीसाठी उत्प्रेरक लावलेला मेम्ब्रेन गॅस डिफ्यूजन थरापासून वेगळा करून ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात भिजवा, अतिशुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा धुवा, परत जोडून चालवा. उच्च करंटची कामगिरी वर आली, तर आयनच अडवत होते. त्या आम्लाची आयसीपी केली की किती कोबाल्ट निघाला होता तेही कळते.

आता दुरुस्ती, आणि ती पावडर बनवण्यापासून. १ ग्रॅम ३० टक्के प्लॅटिनम/कार्बनमध्ये प्लॅटिनम १.५४ मिलिमोल. १:१ ने सुरू करायचे तर कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.४४८ ग्रॅम, ३:१ साठी ०.१४९ ग्रॅम. धुतल्यावर ३:१ च्या जवळ यायचे असेल तर सुरुवात १:१ आणि २:१ च्या दरम्यान ठेवणे मला योग्य वाटते; ३:१ ने सुरू केले तर शेवटी गाभ्यात पुरेसा कोबाल्ट उरत नाही. पावडर पाण्यात चांगली पसरवून नायट्रेट घाला, ढवळत वाळवा, ट्यूब फर्नेसमध्ये आर्गॉनमधल्या ५ टक्के हायड्रोजनखाली ७०० ते ९०० अंश, एक-दोन तास. शुद्ध हायड्रोजन घेऊ नका, कार्बन खाल्ला जातो.

तापमान निवडताना एक गोष्ट सांभाळा. ३:१ ची सुव्यवस्थित रचना सुमारे ७५० अंशांखाली स्थिर असते, १:१ ची ८२५ च्या खाली. ९०० ला तापवून भट्टी पटकन थंड केली तर धातू एकजीव होतात पण अणू अस्ताव्यस्त राहतात. थंड होताना ६०० ते ६५० वर काही तास थांबलात तर कोबाल्ट आणि प्लॅटिनम आळीपाळीने बसतात, आणि अशा गाभ्यातून कोबाल्ट सावकाश निघतो. एक्स-रे विवर्तनात, तांब्याच्या किरणांवर, शुद्ध प्लॅटिनमचे मुख्य शिखर ३९.८ अंशांवर असते, ३:१ मिश्रधातूचे ४०.५ च्या आसपास सरकते. शिखर सरकले नसेल तर मिश्रधातू झालाच नाही. २४ आणि ३३ अंशांजवळ लहान शिखरे दिसली तर सुव्यवस्था आली आहे. मुख्य शिखर दुहेरी किंवा एका बाजूला झुकलेले असेल तर काही कण कोबाल्टबहुल, काही कोरडे प्लॅटिनम: नायट्रेट सारखे पसरले नव्हते.

भट्टीतून काढताना घाई नको. हायड्रोजनमध्ये तापलेली प्लॅटिनम/कार्बन पावडर हवेत पेट घेऊ शकते. खोलीच्या तापमानाला आणून नायट्रोजनमधला १ टक्का ऑक्सिजन तासभर सोडा, मगच नळी उघडा. पावडर गरम असताना ऑक्सिजन लागला तर कोबाल्ट पृष्ठाकडे ओढला जातो, तो वेगळा तोटा. शाई करतानाही आधी पावडर पाण्याने पूर्ण भिजवा, अल्कोहोल नंतर. कोरड्या पावडरवर अल्कोहोल ओतू नये, आग लागते.

आम्लाचे धुणे हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ इथेच असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. १ ग्रॅम पावडरला ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल १५० ते २०० मिलिलिटर, ७० ते ८० अंश, २४ तास, नायट्रोजन बुडबुडत ठेवून. हवा उघडी राहिली तर ऑक्सिजनमुळे पृष्ठ अस्थिर होते आणि मोठ्या कणांत भोके पडून आतला कोबाल्टही निघतो. पहिले गाळलेले पाणी गुलाबी येईल. ते रंगहीन झाले म्हणून थांबू नका; डोळ्यांना न दिसणारा कोबाल्टही आयोनोमरला पुरेसा असतो. ताज्या आम्लात दुसऱ्यांदा धुवा आणि त्या गाळलेल्या पाण्याची आयसीपी करा. दुसऱ्या धुण्यात कोबाल्ट पहिल्याच्या तुलनेत नगण्य असेल तरच पावडर एमईएसाठी तयार. नंतर सल्फेट जाईपर्यंत गरम अतिशुद्ध पाण्याने धुणे आलेच. धुतल्यावर ४०० अंशांना पातळ हायड्रोजनमध्ये थोडा वेळ तापवल्याने खडबडीत कवच गुळगुळीत होते. करून पाहण्याजोगे आहे, पण कण वाढले नाहीत ना ते तपासा.

शाई फार काळ ठेवू नका. आयोनोमर स्वतः आम्ल आहे आणि बाटलीतच कोबाल्ट ओढत राहतो. सोनिकेटरच्या टाकीत बर्फ घाला, प्रोब सोनिकेटर जपून वापरा. जास्त पृष्ठफळाच्या कार्बनला आयोनोमर-कार्बन गुणोत्तर ०.८-०.९ ठीक, घन कार्बनला ०.६ च्या आसपास.

कोबाल्टऐवजी दुसरा धातू घ्यावा का? निकेलचे आकडे आकर्षक आहेत. २००७ मध्ये प्लॅटिनम-निकेल ३:१ च्या एका विशिष्ट स्फटिक पृष्ठावर शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठापेक्षा दहापट क्रियाशीलता दाखवली गेली, आणि तेव्हापासून अष्टफलकी कणांची शर्यत सुरू आहे. सेलमध्ये ते कण आकार गमावतात आणि निकेल आयोनोमरमध्ये उतरतो. लोह टाळा: निसटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी फेंटन अभिक्रिया करून मेम्ब्रेन कुरतडते. तांबे मेम्ब्रेन ओलांडून अ‍ॅनोडवर जमते. स्टॅकसाठी कोबाल्ट हाच आज शहाणपणाचा पर्याय आहे.

शेवटी टिकाऊपणा, कारण नव्या सेलचा आकडा ग्राहकाच्या कामाचा नसतो. अमेरिकी ऊर्जा विभागाची चाचणी ०.६ ते ०.९५ व्होल्टच्या चौकोनी लहरींची आहे: प्रत्येक टोकाला तीन सेकंद, ८० अंश, हायड्रोजन-नायट्रोजन, ३०,००० चक्रे. उद्दिष्ट सुरुवातीला दर मिलिग्रॅमला ०.४४ अँपिअर, आणि घट ४० टक्क्यांहून कमी. अवजड वाहनांसाठी चक्रे ९०,००० धरतात. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि केपीआयटी ही कंपनी यांनी २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजन बस सादर केली, तसली वाहने डोळ्यांसमोर असतील तर मोजमाप या लांब चाचणीचेच ठेवा. चक्रांआधी आणि नंतर ०.९ व्होल्टची क्रियाशीलता मोजाच, पण हवेवर १.५ अँपिअरचा व्होल्टेज, कार्बन मोनॉक्साइडचे पृष्ठफळ आणि मेम्ब्रेनच्या आडव्या छेदातला कोबाल्टही मोजा. आणि सेल बॅटरीबरोबर जोडलेला असेल तर कंट्रोलरकडून वरचा व्होल्टेज ०.८५ वर रोखून घ्या. प्लॅटिनम आणि कोबाल्ट दोन्हींचे विरघळणे त्याने बरेच मंदावते.